परदेशातल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचंय? पगाराआधी मालकाचं नाव वाचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी शंभर वेळा "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" म्हटलंय, ते काढलंय. बाकी बहुतेक जसंच्या तसं.

आता तुम्ही म्हणाल, हा कोडिंग करून पोट भरणारा माणूस, याला इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या नोकरीशी काय देणंघेणं? देणंघेणं एवढंच, की गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "बघ रे जरा, खरं वाटतंय का?"

सौदी अरेबियातल्या एका विद्यापीठाच्या लेटरहेडवर ऑफर लेटर होतं. पद, इंग्लिश लेक्चरर. पगार महिना ७,००० रियाल, राहायला घर, वर्षाला येण्याजाण्याचं विमानाचं तिकीट. आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, व्हिसा प्रोसेसिंगचे ४५,००० रुपये ४८ तासांच्या आत भरा.

मी त्या शनिवारी लोणंदला घरीच होतो. दादा संध्याकाळी आला, चहा घेतला, आणि काही बोलायच्या आधीच म्हणाला, "पैसे जुळवलेत. तात्यांनी कांदा विकला तो." म्हणजे त्याला माझं मत नको होतं, फक्त माझा होकार हवा होता.

तर आजचा एपिसोड या एका पीडीएफपासून सुरू होतो. लोणंद, फलटण, वाई, खंडाळा, कोरेगाव, या सगळ्या पट्ट्यात एम.ए. इंग्लिश करून बसलेली पोरं-पोरी किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर अशी पीडीएफ कधी ना कधी येतेच.

आधी दादा कुठल्या परिस्थितीतून बघत होता ते सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला बावळट समजाल. तो बावळट नाही. शिवाजी विद्यापीठातून एम.ए. इंग्लिश, दुसऱ्या प्रयत्नात सेट पास. आणि सात वर्षं सीएचबी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, मराठीत तासिका तत्त्व. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. सुट्टी लागली, परीक्षा आल्या, पालखी आली म्हणून कॉलेज बंद राहिलं, की त्या तासांचं मानधन नाही. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने ऑर्डर. दादाच्या हातात महिन्याला वीस-बावीस हजार पडतात, तेही वर्षातले आठ-नऊ महिने, आणि तेही तीन-चार महिने थकून एकदम.

त्याच स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. वर महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. यूजीसीने २०१९ मध्ये गेस्ट फॅकल्टीसाठी एका लेक्चरला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर सांगितला होता. दादा तो आकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचतो आणि तास घ्यायला जातो. २०२१ मध्ये राज्य सरकारने २,०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी दिली, पण ती साऱ्या महाराष्ट्रातल्या सगळ्या विषयांची मिळून. त्यात इंग्रजीच्या वाट्याला, आपल्या प्रवर्गाला, आपल्या भागात किती येणार याचा हिशोब दादाने इतक्या वेळा केलाय, की आता तो करतच नाही. मध्ये पीएच.डी. अनिवार्य होणार असंही होतं. मग २०२३ च्या जुलैपासून नेट, सेट हीच किमान पात्रता राहील असं ठरलं. या गोंधळात दादाने एक वर्ष पीएच.डी.च्या प्रवेशामागे घातलं ते वेगळंच.

म्हणून ७,००० रियाल. कळलं ना?

आता पीडीएफकडे येऊ. मी तिच्याकडे बग शोधतो तसं बघितलं. विद्यापीठ खरं होतं, लोगो खरा होता. म्हणूनच नाव घेत नाही, त्या विद्यापीठाचा यात काडीचा दोष नाही, त्यांचं नाव कुणीतरी चोरलेलं होतं. ईमेल मात्र जीमेलचा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बघितलं तर ती आदल्या रात्री साडेअकराला एका मोफत ॲपवर बनवलेली. बरं, एवढ्यावरून दादा ऐकणार नव्हता. "तिकडचे लोक रात्री काम करत असतील," म्हणाला.

त्याला पटलं ते दुसऱ्या गोष्टीने. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला भारत सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि ही यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. नोंदणीकृत एजंटने उमेदवाराकडून जास्तीत जास्त किती घ्यायचे तेही ठरलेलं आहे, ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. म्हणजे ३५,४०० च्या वर एक रुपया मागितला की तिथेच थांबायचं. आणि पैसे घेऊन पावती द्यायची असते, फोन नंबरवर यूपीआय करायचं नसतं. त्या एजंटचं नाव यादीत नव्हतं. दादा पाच मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "तात्यांना काय सांगू?"

इथे एक गोष्ट मला त्या रात्री वाचताना कळली, आणि ती अजून डोक्यातून जात नाही. आपल्या पासपोर्टचे दोन प्रकार असतात, ईसीआर आणि ईसीएनआर. दहावी न झालेला माणूस आखाती देश धरून ज्या १८ देशांत कामाला जातो, तिथे त्याला सरकारची मंजुरी लागते, आणि त्या निमित्ताने त्याचा करार, मालक, पगार एकदा तरी सरकारी यंत्रणेच्या नजरेखालून जातो. दहावीच्या पुढे शिकलेल्याला ही मंजुरी लागत नाही. २०१५ पासून नर्सना मात्र यात आणलं, कारण त्यांची फसवणूक फार होत होती. प्राध्यापकांना नाही. म्हणजे गवंडी म्हणून जाणाऱ्याचा कागद कुणीतरी बघतो, आणि एम.ए., सेट झालेल्या दादाचा कागद कुणीच बघत नाही. दादाचा कागद दादानेच वाचायचा. शिकलेल्याला वाचता येतं असं सरकारने गृहीत धरलंय. पण आपण वाचत कुठे? टर्म्स अँड कंडिशन्स आल्या की खाली स्क्रोल करून टिक करतो.

तर ती पीडीएफ गेली कचऱ्यात. पण दादाच्या मनात जे पेटलं ते विझलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. आम्ही ठरवलं, आता नीट शोधायचं.

नीट शोधायला लागल्यावर पहिली गोष्ट कळते, की तिकडे "इंग्रजीचा प्राध्यापक" म्हणजे आपल्याकडचा इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. दादा टी.वाय.ला शेक्सपिअर शिकवतो, किट्सच्या कवितांवर त्याचा हात चांगला आहे. सौदीत किंवा ओमानमध्ये ज्या जागा निघतात त्यातल्या बहुतेक पहिल्या वर्षाच्या आधीच्या वर्षाच्या असतात. सौदीत त्याला प्रिपरेटरी इयर म्हणतात, ओमानमध्ये फाउंडेशन प्रोग्रॅम. बारावी झालेली मुलं, ज्यांचं सगळं शिक्षण अरबीत झालंय, त्यांना पुढे इंजिनिअरिंग, मेडिकल, कॉमर्स इंग्रजीतून शिकायचंय, म्हणून आधी त्यांना इंग्रजी लिहाय-वाचायला शिकवायचं. प्रवेशाला एक चाचणी, तिच्यावरून लेव्हल, लेव्हलनुसार ठरलेलं पुस्तक, आठवड्याला ठरलेले युनिट, ठरलेली परीक्षा. तुमचं काम ते युनिट त्या आठवड्यात संपवायचं. आपल्या भाषेत बोलायचं तर तुम्ही आर्किटेक्ट नाही, स्प्रिंटमधले डेव्हलपर.

तास आठवड्याला वीसच्या आसपास, कधी जास्त. उरलेला वेळ ऑफिसात बसायचं, हजेरी ऑनलाइन भरायची, पेपर तपासायचे, दुसऱ्याने तपासलेले पुन्हा तपासायचे. कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. सौदीत मुलांचे आणि मुलींचे वर्ग वेगळे, बहुतेक ठिकाणी कॅम्पसच वेगळे. रमझानमध्ये वेळा बदलतात. यात वाईट काही नाही, पण किट्स विसरा.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. जाहिरातीत एक शब्द सारखा येतो, "नेटिव्ह स्पीकर". म्हणजे ज्याची मातृभाषा इंग्रजी. हे ठरवायचं कसं? ऐकून नाही ठरवत, पासपोर्टवरून ठरवतात. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाचा जो नेहमीचा ई-२ व्हिसा असतो, तो इंग्रजीसाठी सातच देशांच्या नागरिकांना मिळतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारतात किती जण इंग्रजीतून कोर्ट चालवतात, इंग्रजीतून कादंबऱ्या लिहितात, त्याला तिथे किंमत नाही. श्रीनगरमध्ये जन्मलेल्या ब्रज काचरू या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली होती. आतल्यात इंग्लंड-अमेरिका, बाहेरच्यात आपण, आणि त्याच्याही बाहेर चीन, जपान, सौदी वगैरे. भाषाशास्त्र शिकणारी पोरं हे परीक्षेत लिहितात. दादानेही लिहिलंय. पण त्या वर्तुळांचं पगारात रूपांतर होतं हे त्याला जाहिराती वाचताना कळलं, एकाच कामाला एकाच कॉरिडॉरमध्ये पासपोर्ट बघून दोन दर. टेसॉल नावाची इंग्रजी शिक्षकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २००६ मध्येच या भेदभावाविरुद्ध भूमिका जाहीर केली. जाहिराती मात्र चालूच आहेत.

म्हणून भारतीयांना उघडी असलेली दारं कुठली ते आधी बघावं. आखाती देश, आणि एकेकाळी लिबिया, येमेन, इथिओपिया. इथिओपियात तर सम्राट हेले सेलासीच्या काळापासून भारतीय शिक्षक जात आलेत, आणि २००० नंतर तिथे नवी विद्यापीठं निघाली तेव्हा आपल्याकडचे प्राध्यापक शेकड्याने गेले.

आता मुख्य मुद्दा. यासाठीच हा एपिसोड केलाय, त्यामुळे इथे जरा कान देऊन ऐका, सॉरी, डोळे देऊन वाचा.

आयटीतल्या लोकांना हे लगेच कळेल. तुम्ही हिंजवडीत एका मोठ्या बँकेच्या प्रोजेक्टवर काम करता. पण तुमच्या पगाराच्या स्लिपवर बँकेचं नाव नसतं. तिथे व्हेंडरचं असतं. कधी व्हेंडरच्याही खालच्या व्हेंडरचं. क्लायंटने प्रोजेक्ट बंद केला की तुम्ही बेंचवर, आणि महिनाभरात एचआरचा फोन. आखातातल्या विद्यापीठांतही हेच आहे. काही जागा विद्यापीठ स्वतः भरतं, करार थेट विद्यापीठाशी. पण इंग्रजीचं ते आधीचं वर्ष चालवायचं काम बऱ्याच ठिकाणी एखाद्या कंपनीला दिलेलं असतं, किंवा शिक्षक पुरवायचं काम तरी कंपनीकडे असतं. मग तुम्ही शिकवता विद्यापीठात, ओळखपत्र विद्यापीठाचं, गावाकडे फेसबुकवर फोटो विद्यापीठाच्या कमानीखाली. पण तुमचा मालक ती कंपनी. आणि कंपनीचा विद्यापीठाशी करार एक-दोन वर्षांचा. तो दुसऱ्या कंपनीला गेला, की तुमचा चांगलाच ग्राफ असला तरी तुमची नोकरी गेली.

मालक कोण यावर बाकी सगळं लटकलेलं असतं. घर कोण देणार, सुट्टीचा पगार मिळणार का, बायको-पोरांचा व्हिसा निघणार का. सौदीचंच उदाहरण घ्या. तिथे खासगी क्षेत्रातल्या परदेशी कर्मचाऱ्याच्या कुटुंबातल्या माणसांवर २०१७ च्या जुलैपासून फी लागली. माणशी महिना १०० रियालपासून सुरू होऊन २०२० मध्ये ती ४०० वर गेली. बायको आणि दोन मुलं, तिघांचे महिना १,२०० रियाल. ७,००० मधून ते काढा, मग घरभाडं काढा. कंपनीच्या इकाम्यावर असाल तर हे कोण भरणार हे आधी विचारायला हवं. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, हा शब्द तुम्ही दुबईहून आलेल्या कुणाकडून ऐकला असेलच.

किंवा नोकरी सोडल्यावर मिळणारे पैसे. सौदीच्या कामगार कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्धा महिना पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिना पगार, अशी ग्रॅच्युइटी आहे. पण तुम्ही स्वतः राजीनामा दिलात आणि दोन वर्षं पूर्ण नसतील तर शून्य. दोन ते पाच वर्षांत सोडलंत तर एक तृतीयांश. आपले लोक वर्षभराने कंटाळून परत येतात आणि मग म्हणतात, कंपनीने बुडवलं. कधी बुडवलेलं असतं, कधी करारातच लिहिलेलं असतं.

आणि हो, रियाल. हा एक गंमतीचा, पण महाग पडणारा घोळ. सौदीचाही रियाल आणि ओमानचाही रियालच. सौदीचे ३.७५ रियाल म्हणजे एक डॉलर. ओमानचा एकच रियाल म्हणजे २.६ डॉलर. म्हणजे ओमानचा रियाल सौदीच्या जवळजवळ दहापट. व्हॉट्सॲपवर "७०० रियाल" असं आलं तर आधी विचारा, कुठले?

दादाचं पुढे काय झालं? ओमानमधल्या एका कॉलेजला शिक्षक पुरवणाऱ्या कंपनीची जाहिरात त्याला लिंक्डइनवर दिसली. ओमानमध्ये २०२० मध्ये सरकारी तांत्रिक आणि उपयोजित विज्ञान महाविद्यालयं एकत्र करून एक मोठं विद्यापीठ झालं. खासगी कॉलेजंही आहेत, आणि फाउंडेशनचं इंग्रजी सगळीकडे लागतं. नोकऱ्या ओमानी लोकांना द्यायचं त्यांचं धोरण आहे, त्यामुळे जागा दरवर्षी थोड्या थोड्या आकसणार हे धरून चालायचं. दादाने अर्ज केला. तेवीस अर्जांतला हा एकोणिसावा.

बायोडेटा आधी सात पानांचा होता. पहिल्या पानावर जन्मतारीख, जात-प्रवर्ग, वडिलांचं नाव, मग सेमिनारांची यादी, अठ्ठेचाळीस. मी तो दोन पानांवर आणला. यावरून आमचं भांडण झालं. "एवढी सर्टिफिकेटं काय रद्दीत घालू?" असं म्हणाला. त्याचं दुःख मला कळत होतं. त्या अठ्ठेचाळीस सेमिनारांसाठी त्याने नोंदणी फी स्वतःच्या खिशातून भरली होती.

मग झूमवर मुलाखत. त्यात दहा मिनिटांचा डेमो, विषय प्रेझेंट परफेक्ट. दादा तयारीचा माणूस. त्याने व्याख्या सांगितली, सूत्र सांगितलं, चार अपवाद सांगितले, एक सुंदर उदाहरण दिलं. नऊ मिनिटं एका दमात. पलीकडून एका बाईंनी शांतपणे विचारलं, "या नऊ मिनिटांत विद्यार्थी काय करत होते?" दादा म्हणाला, "ऐकत होते." नोकरी मिळाली नाही.

त्या रात्री फोनवर तो पहिल्यांदाच मोकळेपणाने म्हणाला, "मला इंग्रजी येतं रे. इंग्रजी शिकवायला मला कुणी शिकवलंच नाही." ही गोष्ट त्याची एकट्याची नाही. आपलं एम.ए. इंग्लिश म्हणजे साहित्याचं एम.ए. तिकडे मागतात ते टेसॉल किंवा उपयोजित भाषाशास्त्र, किंवा मग केंब्रिजचा सेल्टा, ज्यात १२० तासांचा कोर्स आणि खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं. हैदराबादची ईफ्लू, म्हणजे १९५८ पासूनची जुनी सीआयईएफएल, ती इंग्रजी अध्यापनाच्या पदविका चालवते. एम.ए. बाहेरून, म्हणजे दूरशिक्षणाने केलं असेल तर अनेक ठिकाणी अर्जच बाजूला ठेवतात, हेही आधी माहीत असलेलं बरं.

दादाने महिनाभर सराव केला. वर्ग म्हणून वहिनी, माझी आई आणि शेजारची दहावीतली पोरगी. नियम एकच, दादाने सलग एका मिनिटाच्या वर बोलायचं नाही. आईला चित्रं दाखवून विचारायचा, तिने "आय हॅव सीन" म्हणायचं. आई म्हणाली, "आय हॅव सीन पालखी," आणि सगळे हसले, पण दादाने ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या मुलाखतीत, त्याच कंपनीच्या दुसऱ्या कॉलेजसाठी, त्याने असाच वर्ग घेतला. निवड झाली.

करार आला तेव्हा या वेळी आम्ही दोघं रात्री दोनपर्यंत बसलो. मालक म्हणून कंपनीचं नाव, कामाची जागा म्हणून कॉलेजचं. कॉलेजने मागणी कमी केली तर कंपनी ३० दिवसांच्या नोटिसीवर करार संपवू शकते, हे कलम होतं. आम्ही पाच प्रश्न मेलवर विचारले. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार आहे का? राहायला जागा की भत्ता? कुटुंबाचा व्हिसा कोण काढणार? आरोग्य विमा कुणाकुणाचा? कॉलेजशी कंपनीचा करार कधी संपतो? तीन प्रश्नांची उत्तरं आली, सुट्टीच्या पगाराचं हो आलं. कॉलेजशी असलेल्या कराराबद्दल, "ते गोपनीय आहे." ठीक आहे, निदान आपल्याला माहीत तरी झालं की ते माहीत नाही. एक दिलासा म्हणजे ओमानमध्ये २०२१ च्या जानेवारीपासून नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट गेली. आधी त्या पत्राशिवाय निघालेल्या माणसाला दोन वर्षं परत येता येत नसे.

तात्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. "तिकडं लढाई-बिढाई काय नाही ना?" आम्ही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. २०११ मध्ये लिबियात यादवी पेटली तेव्हा भारत सरकारने पंधरा हजारांच्या वर माणसं परत आणली. तरी काही शिक्षक तिथे होतेच. जुलै २०१५ मध्ये सिर्त विद्यापीठात शिकवणाऱ्या चार भारतीयांना रस्त्यातल्या नाक्यावर पळवून नेलं. दोघं लगेच सुटले, उरलेले दोघं सुटायला सप्टेंबर २०१६ उजाडलं. चौदा महिने. ओमान म्हणजे लिबिया नव्हे, पण जिथे जायचं तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर आणि मदद पोर्टलवरची नोंदणी एवढं तरी विमानात बसायच्या आधी व्हायला हवं.

आणि परतीचं काय? हा विचार जाताना कुणी करत नाही. दादा गेला तर इथलं सीएचबीचं वर्कलोड दुसऱ्याला जाणार, त्यात वाद नाही. पण उद्या इथे कायम जागेची जाहिरात आली तर तिकडची वर्षं धरतात का? यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत परदेशातली आधीची सेवा मोजायची सोय आहे, पण अटींसकट. तुमची पात्रता यूजीसीच्या किमान पात्रतेपेक्षा कमी नको, पद त्या तोडीचं हवं, आणि नोकरी तात्पुरती असेल तर एकूण पगार कायम प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नको. म्हणजे नेमणूकपत्रावर "इन्स्ट्रक्टर" लिहिलंय की "लेक्चरर", हा तिकडे किरकोळ वाटणारा शब्द इथे पाच वर्षांनी नडू शकतो. आम्ही तो शब्द बदलून मागितला. मिळाला. यासाठी मेलवर एक ओळ लिहावी लागली, एवढंच.

वहिनीला मी विचारलं, तुला काय वाटतं? ती भाकरी थापत होती. "इथं तरी कोण कायम करतंय त्यांना?" म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

सध्या दादाच्या डिग्रीचे कागद मुंबईत आहेत. आधी राज्य सरकारची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. भारत त्या करारात २००५ पासून आहे, ओमान २०१२ पासून, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. एम.ए.च्या डिग्रीवर नाव आणि पासपोर्टवर नाव यात एका अक्षराचा फरक निघाला, म्हणून पंधरा दिवस वाया गेले. तुमचं तेवढं आजच तपासून घ्या, डिग्री आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून.

तात्या अजून एकच विचारतात, माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला असेल तेव्हा हा घरी असेल का. करारात उन्हाळी सुट्टीच्या तारखा नाहीत, "शैक्षणिक वेळापत्रकानुसार" एवढंच आहे. सोमवारी कंपनीला सहावा प्रश्न पाठवलाय. उत्तर अजून आलेलं नाही.